पौषातली चौकशी

पौषात अंबरपेठेवर जे धुकं उतरतं, त्यात कवितेत घेण्याजोगं काही नसतं. मुशी नदीवरून उठतं, मुशीचाच वास घेऊन गल्लीत शिरतं आणि आठ वाजले तरी आगाऊ पाहुण्यासारखं हलत नाही. त्या धुक्यात भागक्कानं गिरणीचं शटर वर ढकललं, पदर कमरेला खोचला, कालचं बसलेलं पीठ खराट्यानं झटकलं आणि दगड साफ व्हायला त्यातून मूठभर कोंडा काढून घेतला. संक्रांत चार दिवसांवर आली होती. तेलुगू बाया सकिनाल्यांसाठी, म्हणजे त्यांच्या संक्रांतीच्या तांदळाच्या चकल्यांसाठी, भिजवून निथळलेले तांदूळ घेऊन उजाडायच्या आत दाराशी बसलेल्या. मराठी बाया भोगीच्या भाकरीची बाजरी घेऊन त्यांच्यामागे. दोन्हीकडच्या बाया एकमेकींचे डबे पायानं हळूच मागे सरकवत होत्या आणि वर तोंडानं "अक्का, आक्का" चाललेलं.

कागदावर तिचं नाव भाग्यलक्ष्मी दिलीपराव. वय सत्तावन्न. सासरा अंबाजी उदगीरकडून आला, त्यानं ही गिरणी टाकली. नवरा दिलीप नऊ वर्षांमागे गेला, तेव्हापासून पट्टा, मोटार, दगड सगळं तिच्या अंगावर. एक लेक, ती पुण्यात. गल्लीतलं कोण किती खातं, कुणाच्या घरी पाहुणा आलाय, कोणती सून रुसलीय, हे भागक्काला डब्याच्या वजनावरून कळायचं. त्यामुळे पौष लागला, की तिच्याकडे गिऱ्हाइकाबरोबर आणखी एक जमात यायची. चौकशीवाले.

पौषात लग्न लागत नाही. म्हणून पौष हा चौकशांचा महिना. मुलीकडचा माणूस मुलाच्या घरी जायच्या आधी त्याच्या गल्लीत हिंडतो. इस्त्रीवाला, किराणावाला, गिरणी. आणि या चौकशीचा जो रिवाज आपल्या लोकांनी चालवलाय, तो मोठा बेशरम आहे. वाईट म्हणून कुणी सांगत नाही. मुलगा उनाड असला तर बापाची तारीफ करायची. बापही तसलाच असला तर आजोबांची. आजोबांनी निजामाच्या कचेरीत कशी इमानदारीनं नोकरी केली ते ऐकून मुलीचा बाप खूश होऊन घरी जातो. त्यालाही खरं नकोच असतं. "चौकशी केली हो" एवढं बायकोला सांगता आलं, की त्याचं काम झालं.

भागक्कानंही तीस वर्षं हेच केलं होतं. वंदना नावाची एक सून होती गल्लीत, दोन वर्षं पीठ न्यायला यायची, एक दिवस यायची बंद झाली. माहेरी गेली म्हणाले. तिच्या बापाला भागक्कानं याच उंबऱ्यावर सांगितलं होतं, "सासरा म्हणजे देवमाणूस बगा." सासरा होताही देवमाणूस. लग्न त्याच्याशी नव्हतं.

नऊच्या सुमाराला केशवराव सर डबा घेऊन आले. जुन्या शहरातलं घराणं, तीन पिढ्या सरकारी चाकरीत. यांनी स्वतः कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि रिटायर झाल्यावरही शिकवायचं थांबवलं नाही. दर रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते सद्गुणांवर बोलत. श्रोते अकरा, त्यातले चार घरचे.

"काय सर, ह्या रविवारी काय शिजवलं?" भागक्का पट्ट्याच्या आवाजावरून ओरडली.

"धैर्य!" सर म्हणाले. "बघा भाग्यलक्ष्मीबाई, नियमवाला म्हणतो, पुस्तकात काय लिहिलंय ते पाळा. हिशेबी माणूस म्हणतो, कुणाचं किती भलं होईल ते मोजा. आम्ही म्हणतो दोन्ही ठेवा बाजूला. एवढंच विचारा, माझ्या जागी एखादा सद्गुणी माणूस असता तर त्यानं काय केलं असतं?"

"अन् तसला माणूस गल्लीतच नसला तर?"

बाया फिसकन हसल्या.

"मनात हो, मनात कल्पायचा. आणि प्रत्येक सद्गुण दोन टोकांच्या मधे असतो. इकडे भित्रेपणा, तिकडे आततायीपणा, मधे धैर्य."

"हौ, कळलं. एक जाड, एक बारीक, मधे चपातीचं. तुमचं चपातीचंच टाकू ना?"

सर हसले नाहीत. सद्गुणी माणसाचं हसणंही मोजून असावं, असं त्यांचं मत होतं.

बाया पांगल्यावर तारामती आली. डबा डाव्या हातात, उजवा हात पदराखाली. भागक्कानं पदर बाजूला केला. मनगट निळं-काळं होऊन सुजलं होतं.

"मोरीत पडले गं," तारामती म्हणाली.

"तुझी मोरी लई माणसाळलेली हाय तारा. बरोबर मनगटच धरती."

दोघींची मैत्री सव्वीस वर्षांची. दिलीप गेला तेव्हा भागक्का महिनाभर भिंतीला टेकून बसली होती. तेव्हा या तारानं घरचा स्वयंपाक केला आणि गिरणीही चालवली. पट्ट्यात पदर अडकून मरता मरता वाचली. पण गिरणी एक दिवस बंद ठेवली नाही. आता तिचा नवरा लक्ष्मणराव नाही. घरात आहे तो मुलगा विकास, वय एकतीस. कर्जवाटपाच्या एका कंपनीत साहेब, भांग काढलेला, दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडणारा. आख्ख्या गल्लीत त्याच्या नम्रपणाचं नाव. दिवाळीत भागक्का चकलीची भाजणी द्यायला गेली, तर वरणात मीठ जास्त झालं म्हणून या नम्र पोरानं ताट भिरकावलं आणि ओलं फडकं पिळावं तसा आईचा हात पिळला. भागक्का "आरं ए!" म्हणून ओरडली. त्यानं हात सोडला, केस सारखे केले आणि बाहेर जाता जाता तिच्या पाया पडला.

"मुलीकडचा माणूस येणार हाय," तारामती म्हणाली. "मुकुंदराव नाव. कुकटपल्लीला राहतात, आपल्यातलेच. पोरगी इंजिनियर हाय. तू चार शबद बरं बोल."

"काय बोलू?"

"लगीन झालं की सुधरतो गं तो. जिम्मेदारी पडली की आदमी नरम पडतो."

"म्हंजे तुझ्यावरचा हात तिच्यावर पडल. इतकंच ना?"

"भागे!" तारामतीचे डोळे भरले. "सव्वीस सालात कधी काय मागितलं का तुला? म्या थकले गं. घरात एक बाई आली की दोघी होऊत. एवढं एक कर."

तिनं खरंच कधी काही मागितलं नव्हतं. आणि भागक्काला पहिल्यांदाच कळलं की ताराला सून नको होती, मार वाटून घ्यायला जोडीदारीण हवी होती. कळलं, तरी ती "बगते" एवढंच म्हणाली. माणसाची जीभ किती हलकट असते!

मुकुंदराव दुसऱ्या दिवशी अकराला आले. इस्त्रीचा शर्ट, गाडी लांब लावलेली, हातात पिशवी. गिरणीत जायचं तर दळण न्यावं एवढी अक्कल त्यांच्या बायकोनं दिली होती. पण उंच इमारतीतल्या माणसाला धान्य कसं दिसतं ते कोण सांगणार? भागक्कानं पिशवीत हात घातला आणि आतलं पाकीट वर काढून धरलं.

"साहेब, हे पीठ हाय. ह्याचं आता काय करू?"

बाया पोट धरून हसल्या. मुकुंदराव कानापर्यंत लाल झाले. "घाईत उचललं," ते पुटपुटले.

"दळण राहू द्या, काय विचारायचं ते विचारा. विकासचं ना?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "केशवराव सरांकडे जाऊन आलो. घर भिंतीला भिंत लागून आहे त्यांचं. म्हणाले, फार चांगलं घराणं. वडील लक्ष्मणराव म्हणजे सज्जन माणूस."

"अन् पोराबद्दल?"

"तेच ना... घराणं चांगलं म्हणजे..." त्यांनी मोबाईल काढून फोटो दाखवला. "ही रसिका आमची."

आता इथं भागक्कानं काय करावं? सरांचा प्रश्न तिच्या कानात होता आणि तिनं तो इमानानं विचारूनही बघितला. सद्गुणी माणूस मनात आण, म्हटलं. तर आधी सासरा अंबाजी आला. गल्लीत त्याच्याएवढा भला माणूस झाला नाही म्हणतात, आणि जन्मात त्यानं कुणाच्या घरचं वाईट तोंडातून काढलं नव्हतं. मग लक्ष्मणराव आला, तोही भला, तोही गप्प. मग खुद्द केशवराव सर आले, पिठाचा डबा घेऊन. मनातली सगळी सद्गुणी माणसं ओळीनं तोंड मिटून उभी राहिली. सवयीनं सद्गुण अंगी येतो, असंही सर सांगायचे. तिला तीस वर्षांची सवय होती ती गप्प बसायचीच. त्या हिशेबानं ती आता गप्प बसण्यात पारंगत संत झाली होती.

तिनं फोटोकडे बघितलं. पोरगी कुठल्याशा डोंगरावर हात वर करून हसत होती. बारीक, उघडं मनगट. त्यावर काळ्या दोऱ्याचं काहीतरी बांधलेलं.

"पोरगा आईला मारतो," भागक्का म्हणाली.

मुकुंदरावांनी मोबाईल खाली घेतला. "ऐकीव आहे का?"

"म्या डोळ्यानं बघितलं. काल मनगट बघितलं, त्याच्या आधी दिवाळीत मारताना बघितलं."

"कदाचित रागाच्या भरात... तरुण वय आहे..."

"हौ. राग त्याला आठवड्यातून दोनदा येतो. हापिसात कधी येत न्हाई, साहेबासमोर येत न्हाई, गल्लीत येत न्हाई. बरोबर घरात आईसमोरच येतो. लई शिस्तीचा राग हाय."

त्यांनी पिशवीचे बंद पिळले. मग हळू आवाजात म्हणाले, "उपकार झाले ताई. आम्ही पत्रिका जुळत नाही म्हणून कळवू. तुमचं नाव निघणार नाही."

"काढा."

"अं?"

"नाव काढा. भाग्यलक्ष्मी गिरणीवाली बोलली म्हणून सांगा. न्हाईतर काय होईल? तुमची पत्रिका जुळणार न्हाई, फाल्गुनात दुसऱ्याची जुळणार न्हाई, अन् वैशाखात कुणातरी येड्याची जुळून जाईल."

मुकुंदराव गेले. पाकीट तिथंच विसरले. आणि ते वळणावर दिसेनासे झाल्यावर भागक्काला पुढचं सुचलं. माणूस भला दिसला. गाडीत बसल्या बसल्याच विकासला फोन करील. नाव तिचं सांगील, पण सहाला विकास घरी आल्यावर त्याच्या हाताशी सापडेल ती तारा. तोंड उघडायचं धैर्य झालं ते झालं. पण त्याचे वळ दुसरीच्या अंगावर उठणार होते. ह्याचं काय करायचं ते रविवारच्या हॉलमध्ये कुणी शिकवत नाही.

तिनं मोटार बंद केली.

"अय्यो अक्का! बिय्यम?" एका बाईनं ओल्या तांदळाची परात पुढे केली.

"आज नक्को. कोपऱ्यावरच्या गिरणीत जा." संक्रांतीच्या ऐन गर्दीत शटर खाली आलं. बायांनी तेलुगूत जे काय म्हटलं ते भागक्काला सगळं कळलं.

गल्लीत केशवराव सरांनी गाठलं. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. मुकुंदराव जाता जाता त्यांना जाब विचारून गेले होते.

"हे तुम्ही बरं नाही केलं भाग्यलक्ष्मीबाई. स्पष्टवक्तेपणा हा सद्गुण, पण त्याचा अतिरेक म्हणजे उथळपणा. मला त्यांनी विचारलं, मी काय सांगितलं? वडील सज्जन होते. मी खोटं बोललो नाही, कुणाचं वाईटही केलं नाही. बरोब्बर मधला मार्ग."

"सर, तुमच्या मनातला सद्गुणी माणूस कुठं राहतो?"

"म्हणजे?"

"तो तुमच्याच घरात राहतो. तुमचाच शर्ट घालतो. तुम्हाला जे करायचं तेच त्याला करायचं असतं. तुम्ही भिऊन गप्प बसलाव, तर तोबी बसला. अन् भिंतीपलीकडून तारा ओरडती तेव्हा तो काय करतो? तुमच्या घरच्या वासंतीकाकूच सांगत होत्या, टीव्ही मोठा करता म्हणून."

सरांचा चेहरा धुतल्या पाटीसारखा कोरा झाला. "कुटुंबातल्या गोष्टीत पडणं म्हणजे—"

"हटा, जाऊ द्या मला."

तारामती तांदूळ निवडत बसली होती. भागक्का दारातच म्हणाली, "म्या सांगितलं त्यांना."

तारामतीनं सूप खाली ठेवलं. पहिल्यांदा कळलं नाही, मग कळलं. "काय सांगितलंस?"

"जे हाय ते."

मग तारामती जे बोलली ते इथं सगळं लिहिण्यासारखं नाही. "तुझ्या घरात तरणा पोरगा असता तर कळलं असतं," म्हणाली. "विधवा झालीस तेव्हा तुला उचलून बसवली, त्याचं हे दिलंस," म्हणाली. "माझं घर तुला बघवलं न्हाई," म्हणाली. भागक्का उंबऱ्याच्या आत येऊन बसली आणि ऐकत राहिली. उचलून बसवली होती, हे तर खरंच होतं.

"तो येईल आता," तारामती शेवटी म्हणाली. आवाजातला राग संपून भीती उरली होती. "तू जा."

"म्हणूनच बसले. चल माझ्याकडं. गिरणीवरची खोली रिकामी हाय."

"नक्को. तुझ्या दारात तर मुळीच नक्को."

"मग म्या इथंच बसते."

दोघी दुपारभर समोरासमोर बसल्या. तारामतीनं चहा केला, एकच कप, स्वतःचा. भागक्काच्या पुढ्यात पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवला नाही.

विकास सहाच्या आतच आला. बूट काढताना दारात भागक्काच्या चपला दिसल्या असाव्यात, कारण आत आला तो हसत. "मावशी, तुम्ही?" आणि सवयीनं वाकला.

भागक्कानं पाय आखडून घेतले. "पाया पडू नको. मुकुंदरावाला म्या सांगितलं. तू आईला मारतोस म्हणून. ताराला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. काय विचारायचं ते मला विचार."

त्याचं हसणं चेहऱ्यावरून एकदम गेलं नाही; आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडातून. "तुम्हाला काय पडलंय? आमच्या घरात—" आवाज चढला. त्यानं सूप लाथाडलं. तांदूळ फरशीभर झाले. "काय पुरावा आहे? आई, सांग ह्यांना. मारतो का मी? सांग!"

पलीकडे, भिंतीमागे, केशवराव सरांचा टीव्ही मोठा झाला.

तो आवाज तिघांनाही ऐकू आला. तारामतीनं भिंतीकडे बघितलं. म्हणजे ऐकू जायचं. इतकी वर्षं ती पदर तोंडात कोंबून ओरडायची ते वायाच गेलं होतं. सरांना ऐकू जायचं, वासंतीकाकूंना ऐकू जायचं, बहुतेक आख्ख्या गल्लीला. आणि सगळे रोज सकाळी "काय तारामती, बरं हाय ना?" म्हणून विचारायचे.

ती उठली. भागक्काकडे बघितलं नाही. कपाटातून पिशवी काढली, तीन लुगडी कोंबली आणि सिकंदराबादच्या लेकीला फोन लावला. "मेघना, मला घेऊन जा. आत्ता नको, सकाळी ये. न्हाई, काही झालं न्हाई. इथं तोंड दाखवायला जागा उरली न्हाई, इतकंच."

जे मारानं झालं नाही आणि मैत्रिणीच्या सांगण्यानं झालं नाही, ते लाजेनं झालं. सद्गुणांच्या यादीत लाजेला सरांनी जागा दिली होती का, कोण जाणे. विकास बूट घालून बाहेर निघून गेला. बाहेर शेजारीपाजारी उभे होते; त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या तो पाया पडला. म्हाताऱ्यानं आशीर्वादही दिला.

त्या रात्री भागक्का तिथंच चटईवर पडली. तारामतीनं तिला पांघरूण दिलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

सकाळी धुक्यात मेघना ऑटो घेऊन आली. ऑटो गिरणीवरूनच जायची. दुसरा रस्ता नव्हता. भागक्का तोवर गिरणी उघडून बसली होती; हातातलं काम टाकून ती फूटपाथवर येऊन उभी राहिली. तारामती ऑटोच्या पलीकडच्या बाजूला तोंड करून बसली होती. ऑटो गेली. मेघनानं तेवढा हात केला, तोही अर्धा.

केशवराव सर रिकामा डबा हलवत समोर आले. रात्रभर विचार करून त्यांचं मत बदललं होतं, किंवा गल्लीचं बदललं म्हणून त्यांचंही. "भाग्यलक्ष्मीबाई, मी कालच्या प्रसंगाचा फेरविचार केला. परिणाम पाहता, तुमचं वागणं धैर्याच्या व्याख्येत बसतं. या रविवारी तुमचं उदाहरण घ्यावं म्हणतो. शाल, श्रीफळ—"

"सर," भागक्का म्हणाली, "तारा माझ्याशी बोलंना झाली. पुन्हा बोलेल असं वाटत न्हाई. तुमच्या व्याख्येत ते कुठं बसतं, ते आधी बगून या."

"पण नैतिकदृष्ट्या—"

"अन् हे घेऊन जा." कालचं विसरलेलं पाकीट तिनं त्यांच्या डब्यात टाकलं. "तयार पीठ हाय. चाळायचीबी गरज न्हाई. तुम्हाला बरं पडेल."

सर डब्यात बघत उभे राहिले. त्यांच्या मागे कालची तेलुगू बाई परात घेऊन आली होती. कोपऱ्यावरच्या गिरणीनं तिचं पीठ जाड काढलं होतं आणि आज ती पुन्हा नवे तांदूळ भिजवून आली होती. चेहऱ्यावर कालचा राग तसाच.

"अक्का, तोंदरगा! बिय्यम एंडिपोतुन्नाई," ती ओरडली. तांदूळ सुकत होते.

"आणा इकडं," भागक्का म्हणाली. तिनं मोटार चालू केली, ओल्या तांदळाची पहिली ओंजळ गिरणीच्या तोंडात टाकली, आणि दगडाच्या कडेला चिकटलेलं ओलं पीठ बोटानं खरवडायला लागली.